छोट्या वेबसाइटची डिरेक्टऱ्यांमध्ये नोंद: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

साइट सुरू झाली, पाने चढवली, ओळखीच्या लोकांना लिंक पाठवली, आणि त्यानंतर भेटींचा आकडा जागचा हलेना. या टप्प्यावर जो तो शोधाशोध करतो आणि बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: साइट डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे वेबसाइटांच्या विषयवार याद्यांमध्ये, टाका. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. कुठे टाकायची, आधी काय तयार ठेवायचे, फॉर्ममध्ये काय लिहायचे आणि कुठे मुळीच जायचे नाही, हे नव्या माणसाला कोणी बसून सांगत नाही. मी हे काम आधी स्वतःच्या साइटसाठी केले आणि नंतर इतरांच्या साइटसाठीही. त्यातून ठरलेला क्रम इथे देतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा प्रत्येक टप्पा तिच्यावर उभा आहे. किती डिरेक्टऱ्यांमध्ये नाव आहे याला अर्थ नाही. ज्या डिरेक्टरीत माणसे खरोखर काही शोधायला येतात, तिथली एक नीट लिहिलेली नोंद ओसाड ठिकाणच्या शंभर नोंदींपेक्षा जास्त उपयोगी पडते.

१. जुना सल्ला का चालत नाही, ते आधी समजून घ्या

वेबच्या सुरुवातीच्या काळात सर्च इंजिने कच्ची होती आणि लोक माणसांनी हाताने लावलेल्या याद्यांमधून साइट शोधत. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्डला शिकत असताना अशीच एक यादी सुरू केली, तिचेच पुढे याहू झाले. १९९८ मध्ये स्वयंसेवक संपादकांच्या बळावर ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, म्हणजे डीमॉझ, उभा राहिला. गूगलची स्वतःची डिरेक्टरीही त्याच्याच माहितीवर चालत असे. अशा ठिकाणी नोंद मिळणे तेव्हा मोठी गोष्ट होती. लोक यायचेच, शिवाय सर्च इंजिनही त्या लिंकला वजन द्यायचे.

हे वजन लक्षात आल्यावर फक्त लिंक देण्यासाठी काढलेल्या हजारो डिरेक्टऱ्या निघाल्या. त्यांना वाचक नव्हते, संपादक नव्हते, नुसता फॉर्म होता. गूगलने २४ एप्रिल २०१२ रोजी शोध-निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल लागू केला आणि अशा लिंकांच्या जोरावर वर आलेल्या साइट खाली गेल्या. हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांमधल्या लिंक आजही गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत नाव घेऊन नोंदवलेल्या आहेत. दरम्यान गूगल डिरेक्टरी २०११ मध्ये, याहू डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली.

म्हणून कुठल्याही मार्गदर्शकात ‘डीमॉझमध्ये नोंद करा’ असे वाक्य दिसले, तर तो लेख जुना आहे हे ओळखा आणि त्यातली बाकीची यादीही बाजूला ठेवा.

आज डिरेक्टरीकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवता येते. तिथून थेट येणारे वाचक ही पहिली. तुमचे नाव आणि माहिती अनेक ठिकाणी सारखीच दिसल्यामुळे बसणारा विश्वास ही दुसरी, आणि ऑनलाइन नकाशांच्या बाबतीत तिला जास्त महत्त्व आहे. तिसरी म्हणजे सर्च इंजिनाच्या क्रॉलरला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमला, तुमच्या साइटपर्यंत येण्याची आणखी एक वाट. शोध-निकालांत क्रमांक वर जाणे ही अपेक्षा मनातून काढून टाका. अनेक चांगल्या डिरेक्टऱ्या लिंकला ‘नोफॉलो’ लावतात, म्हणजे या लिंकला आमची शिफारस समजू नका असे सर्च इंजिनाला कळवतात. ही पद्धत २००५ मध्ये सुरू झाली. नोफॉलो दिसले म्हणून डिरेक्टरी टाकाऊ ठरत नाही, कारण वाचक लिंकवर क्लिक करताना तिला कोणता टॅग लावलाय हे पाहत नाही.

२. साइट दाखवण्याजोगी आहे का, ते तपासा

डिरेक्टरीचा संपादक तुमच्या साइटवर फार थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात त्याला ‘काम चालू आहे’ असा फलक, रिकामा वर्ग किंवा न उघडणारी लिंक दिसली, तर नोंद नाकारली जाते, आणि बहुतेक वेळा कारणही कळत नाही.

साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, हवी. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्यासाठीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणावर लावून देतात. मोबाइलवर पान नीट दिसते का, ते स्वतःच्या फोनवर पाहा. ही साइट कोणाची आहे आणि कशासाठी आहे हे सांगणारे ‘आमच्याविषयी’ पान हवे, संपर्काचे पानही हवे. साइटवर निदान इतका मजकूर असावा की आलेला माणूस दुसरे पान उघडेल.

वर्डप्रेस वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ या भागात जाऊन एक चौकट नक्की पाहा. सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या शोध-यादीत घेऊ नये, असे सांगणारी ती चौकट आहे. साइट बांधत असताना लोक तिच्यावर खूण करतात आणि नंतर काढायचे राहून जाते. तीच गोष्ट रोबोट्स फाइलची, म्हणजे क्रॉलरनी कुठे जावे आणि कुठे नाही हे सांगणाऱ्या फाइलची. सगळ्या क्रॉलरना मज्जाव करणारी ओळ त्यात राहिली असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

३. लागणारे साहित्य एका फोल्डरमध्ये जमवा

प्रत्येक फॉर्म थोडा वेगळा असतो, पण मागितली जाणारी माहिती फिरून फिरून तीच असते. ती एकदा जमवून ठेवली की नोंद पटकन होते, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे सगळीकडे एकसारखी जाते.

- साइटचे नाव, तुम्ही स्वतः लिहिता तसेच, अक्षरन् अक्षर
- साइटचा नेमका पत्ता. सुरुवातीला तीन डब्ल्यू आहेत की नाहीत हे एकदा ठरवा आणि दुसऱ्या रूपावरून ठरवलेल्या रूपाकडे रीडायरेक्ट लावा, म्हणजे वाचक आपोआप तिकडे वळेल
- एका ओळीचे, दोन-तीन वाक्यांचे आणि एका परिच्छेदाचे अशी तीन वर्णने
- चौकोनी लोगो, पारदर्शक पार्श्वभूमीचा आणि पुरेसा मोठा. ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल बहुतेक ठिकाणी चालतो
- मुख्य पानाचा आणि एका आतल्या पानाचा स्क्रीनशॉट
- सोशल मीडियावर लिंक टाकल्यावर दिसणारे चित्र, १२०० गुणिले ६३० पिक्सेल
- स्वतःच्या डोमेनवरचा ई-मेल पत्ता, खास या कामासाठी उघडलेला
- आरएसएस फीडचा, म्हणजे नवे लेख आपोआप कळवणाऱ्या फाइलचा, पत्ता, ब्लॉग असेल तर
- लोक प्रत्यक्ष येऊ शकतील अशी जागा असेल तर तिचा पूर्ण पत्ता, फोन आणि वेळा
- साइट कधी सुरू झाली, कोणत्या भाषेत आहे, कोण चालवते

ई-मेलचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो टाळू नका. नोंदी सुरू झाल्या की काही आठवड्यांत त्या पत्त्यावर जाहिरातींचा भडिमार होतो. स्वतंत्र पत्ता असेल तर तुमची नेहमीची टपाल-पेटी वाचते. शिवाय ज्या डोमेनची नोंद, त्याच डोमेनचा पत्ता दिसला की संपादकालाही खात्री वाटते.

४. सर्च इंजिनांना आधी कळवा

डिरेक्टऱ्यांच्या आधी हे काम करा. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात साइट जोडा. मालकी सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन घेतले तिथल्या तांत्रिक नोंदींमध्ये, एक टेक्स्ट रेकॉर्ड घालावा लागतो, किंवा त्यांनी दिलेली छोटी फाइल साइटवर चढवावी लागते. मग साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेल्या फाइलचा, पत्ता द्या. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पर्यंत पत्ते बसतात, तेव्हा छोट्या साइटला एकच फाइल पुरते. त्यानंतर बिंग वेबमास्टर टूल्समध्ये जा. तिथे सर्च कन्सोलमधून साइट थेट आयात करता येते, पुन्हा सगळे भरावे लागत नाही. बिंग आणि यांडेक्स या सर्च इंजिनांनी २०२१ मध्ये आणलेली इंडेक्सनाऊ ही सोय तुमची साइट चालवणाऱ्या प्रणालीत असेल तर सुरू करा. नवे पान आले की ते लगेच कळवले जाते.

‘तुमची साइट शेकडो सर्च इंजिनांकडे पाठवतो’ असे सांगून पैसे मागणारे भेटतील. वरचे काम फुकट आहे, आणि त्यांच्या यादीतल्या बहुतेक नावांकडे कोणी काही शोधत नाही.

५. डिरेक्टरी निवडा, आणि यात घाई करू नका

खरा वेळ इथे घालवा.

आधी हे ठरवा की तुमची साइट कोणत्या जातीची आहे, कारण डिरेक्टऱ्या त्यानुसार वेगळ्या आहेत.

सर्वसाधारण डिरेक्टऱ्यांपैकी डीमॉझचा वारसा पुढे चालवणारी कर्ली ही आज लक्षात घेण्याजोगी आहे. ती विनामूल्य आहे, स्वयंसेवक संपादक चालवतात, आणि इंग्रजीशिवाय इतर भाषांसाठी तिच्यात वेगळी शाखा आहे. तुमची साइट ज्या भाषेत असेल त्या भाषेच्या शाखेत ती सुचवा. स्वीकारतीलच असे नाही, आणि उत्तर यायला महिने लागू शकतात.

वैयक्तिक ब्लॉगसाठी ऊह डॉट डिरेक्टरी आहे. फिल गायफर्ड यांनी ती २०२२ मध्ये सुरू केली. ती फक्त ब्लॉगांची आहे, विषयवार लावलेली आहे आणि ती पाहायला येणारी माणसे ब्लॉग वाचणारीच असतात. अशा ठिकाणी आरएसएस फीड चालू असणे गरजेचे असते.

सॉफ्टवेअर, ॲप किंवा ऑनलाइन साधन असेल तर ऑल्टरनेटिव्हटू पाहा. एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरला पर्याय शोधणारे लोक तिथे येतात, म्हणजे ते घेण्याच्याच विचारात असतात. प्रॉडक्ट हंट वेगळ्या रीतीने चालते. तिथे दर दिवसाची नवी स्पर्धा असते आणि तो दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री सुरू होतो. तयारी नसताना तिथे उडी मारू नका, कारण पहिल्या दिवशीच काय ते लक्ष मिळते.

विषयाला वाहिलेल्या याद्या मात्र मला सगळ्यांत जास्त आवडतात. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, ‘ऑसम’ नावाने सुरू होणाऱ्या याद्या आहेत. एखाद्या विषयावरची चांगली साधने लोकांनी निवडून लावलेली असतात. या प्रकाराची सुरुवात २०१४ मध्ये झाली आणि आता प्रोग्रॅमिंगबाहेरच्या विषयांवरही अशा याद्या सापडतात. त्यांत भर घालायची तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवावी लागते. त्याआधी त्या यादीची नियमांची फाइल वाचा. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम हवा की नको इथपर्यंत नियम असतात, आणि ते पाळणाऱ्याची नोंद लवकर स्वीकारली जाते. याशिवाय ग्रंथालये, शिक्षणसंस्था, छंद मंडळे आपापल्या साइटवर उपयुक्त दुव्यांचे पान ठेवतात. त्यांना कोणी डिरेक्टरी म्हणत नाही, पण वाचक मिळवून देण्यात ती पुष्कळ मोठ्या डिरेक्टऱ्यांपेक्षा सरस ठरतात.

प्रत्यक्ष जागा असेल तर नकाशे आधी: गूगल बिझनेस प्रोफाइल, बिंग प्लेसेस, ॲपल मॅप्स आणि ओपनस्ट्रीटमॅप. गूगलचा नियम असा, की ग्राहकांना ठरलेल्या वेळात समोरासमोर भेटणाऱ्यांनाच प्रोफाइल मिळते. निव्वळ ऑनलाइन चालणारी साइट त्यात बसत नाही, आणि खोटा पत्ता देऊन बसवली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणीही जागेची माहिती आणि वेबसाइटचा पत्ता भरू शकतो, पण जाहिरातीची भाषा तिथे खपवून घेतली जात नाही.

आता पारख कशी करायची ते सांगतो. कोणतीही डिरेक्टरी समोर आली की मी पुढच्या गोष्टी पाहतो.

तुमच्याच विषयाचा वर्ग उघडा आणि त्यातल्या चार-पाच साइटवर क्लिक करा. त्या जिवंत आहेत का? त्या चांगल्या आहेत का? त्यांच्या शेजारी तुमचे नाव दिसलेले तुम्हाला आवडेल का? एकाच वर्गात शिकवणी, कर्ज, जुगार आणि औषधे एकत्र नांदत असतील तर पान बंद करा.

मग गूगलमध्ये ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविरामाचे चिन्ह आणि त्यालाच जोडून डिरेक्टरीचे डोमेन असे लिहून शोधा. काहीच निकाल आला नाही, तर गूगलने त्या डिरेक्टरीकडे पाठ फिरवलेली आहे. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये तिचे जुने रूप पाहा. दोन वर्षांपूर्वी त्याच डोमेनवर भलतेच काही असेल, तर ते डोमेन कोणीतरी नुसत्या लिंका विकण्यासाठी उचलले आहे.

नोंद तपासणारा माणूस आहे का? फॉर्म भरताच क्षणात लिंक प्रसिद्ध होत असेल, तर तिथे काहीही प्रसिद्ध होते. नाकारण्याची शक्यता असलेली डिरेक्टरीच घेण्याजोगी असते.

शेवटी हा प्रश्न स्वतःला विचारा: मला या विषयाची माहिती हवी असती, तर मी इथे आलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जा. इतके गाळल्यावर बहुतेक छोट्या साइटसाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच डिरेक्टऱ्या उरतात. यादी लहान झाली म्हणून खंत करू नका.

६. वर्णन लिहा

फॉर्ममध्ये हीच एक जागा तुमच्या हातात असते, आणि नेमकी तीच लोक घाईत उरकतात.

समजा साइट घरच्या घरी सायकल दुरुस्त करायला शिकवते. पुष्कळांचे वर्णन असे येते: ‘सायकल दुरुस्तीची सर्वोत्तम वेबसाइट! सायकल दुरुस्ती, स्वस्त सायकल दुरुस्ती, सोपी सायकल दुरुस्ती यांची संपूर्ण माहिती. आजच भेट द्या!’ संपादक यातला एकही शब्द ठेवणार नाही. वाचकालाही यातून काही कळत नाही.

आता हे पाहा: ‘पंक्चर, ब्रेक, चेन आणि गिअर घरी कसे दुरुस्त करावेत, याचे छायाचित्रांसह लेख. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला लागणाऱ्या हत्यारांची यादी.’ इथे साइटवर काय आहे ते कळते, आणि हत्यारांच्या यादीमुळे ही साइट इतरांपेक्षा वेगळी कशी तेही कळते. ‘सर्वोत्तम’ हा शब्द न लिहिता काम झाले.

लिहिताना काही गोष्टी पाळा. शीर्षकात साइटचे नाव तेवढे लिहा, शोधशब्द जोडू नका. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्येही नावात जास्तीचे शब्द घालायला मनाई आहे. ‘आम्ही’, ‘तुम्ही’ टाळा, तिऱ्हाईताने लिहावे तसे लिहा. डिरेक्टरीवर सगळ्या नोंदी त्याच सुरात असतात आणि संपादकाला बदल करावा लागत नाही. पहिल्या वाक्यातच मुख्य गोष्ट येऊ द्या, कारण यादीच्या पानावर पुढचा मजकूर कापला जातो. साइट ज्या भाषेत असेल ती भाषा वर्णनात सांगा, विशेषतः डिरेक्टरी दुसऱ्या भाषेतली असेल तेव्हा. म्हणजे येणारा वाचक भाषा पाहून लगेच परत जात नाही.

तेच वर्णन सगळीकडे जसेच्या तसे चिकटवू नका. नाव, पत्ता, फोन सगळीकडे सारखेच हवे, वर्णन मात्र त्या डिरेक्टरीच्या वाचकाकडे पाहून थोडे बदलावे. शिक्षकांच्या यादीत छायाचित्रांवर भर द्या, हौशी दुरुस्तीवाल्यांच्या यादीत हत्यारांवर.

७. फॉर्म भरा

आधी डिरेक्टरीत स्वतःची साइट शोधून पाहा. कोणीतरी ती आधीच टाकलेली असू शकते. तसे असेल तर नवी नोंद न करता जुन्या नोंदीवर मालकी सांगा किंवा दुरुस्ती सुचवा. दुहेरी नोंदी झाल्या की दोन्ही काढल्या जाण्याची भीती असते, आणि नकाशांवर तर लोक चुकीच्या पत्त्यावर पोचतात.

वर्ग निवडताना जितके खोलात जाता येईल तितके जा. ‘खेळ’ यापेक्षा ‘सायकल’, आणि ‘सायकल’ यापेक्षा ‘दुरुस्ती व देखभाल’. वरच्या वर्गात गर्दी असते म्हणून लोकांना तो मोठा वाटतो, पण नेमके शोधणारा वाचक खालच्या वर्गातच असतो. नेमका वर्ग कोणता असे कोडे पडले तर तुमच्यासारख्या दुसऱ्या साइट कुठे ठेवल्या आहेत ते पाहा.

लिंक देताना मुख्य पानाचीच द्यावी असे नाही. नियमात बसत असेल तर त्या वर्गाशी जुळणारे आतले पान द्या.

पाठवल्यावर पुष्टीचा ई-मेल येतो. तो स्पॅममध्येही पाहा, कारण त्यातल्या लिंकवर क्लिक केले नाही तर पुष्कळ ठिकाणी नोंद पुढे सरकतच नाही. आणि मग वाट पाहा. उत्तर आले नाही म्हणून तीच साइट पुन्हा पुन्हा पाठवली तर स्वयंसेवक संपादकांचे काम वाढते आणि तुमची गणना त्रास देणाऱ्यांत होते. बराच काळ गेला आणि संपर्काची सोय असेल तर एकदा नम्रपणे विचारा, तेवढे पुरे.

८. सापळे

हा भाग वाचल्याशिवाय एकही नोंद करू नका.

‘एका क्लिकमध्ये पाचशे डिरेक्टऱ्या’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. त्यांचे सॉफ्टवेअर एकच मजकूर सगळीकडे फेकते, बहुतेक ठिकाणे पाचव्या भागातल्या कसोटीला उतरत नाहीत, आणि नंतर त्या नोंदी काढायच्या म्हटल्या तर कोणाकडे जायचे हेही कळत नाही.

डोमेन संपत आल्याची नोटीस वाटावी असे पत्र किंवा ई-मेल येते. रक्कम, तारीख, तुमचे डोमेन सगळे छापलेले असते. बारीक अक्षरांत वाचले तर ते कोणत्यातरी डिरेक्टरीत नाव ठेवण्याचे बिल असते. डोमेनचे नूतनीकरण फक्त जिथून डोमेन घेतले त्या कंपनीच्या खात्यात स्वतः जाऊन करा, ई-मेलमधल्या लिंकवरून नव्हे.

परत लिंक मागणाऱ्या डिरेक्टऱ्या असतात: आधी आमची लिंक तुमच्या मुख्य पानावर लावा, मग तुमची नोंद. नकार द्या. फक्त अदलाबदलीसाठी केलेल्या लिंकांचा अतिरेक गूगलच्या नियमांत बसत नाही. काही जण लिंकऐवजी ‘बॅज’ देतात. तो साधे चित्र असेल तर तुमची इच्छा, पण स्क्रिप्ट असेल तर लावू नका. ती स्क्रिप्ट तुमच्या प्रत्येक पानावर चालणार आणि उद्या तिच्यात काय येईल ते तुमच्या हातात नसेल.

पैसे भरून नोंद करणे सरसकट वाईट नाही. संपादकाच्या वेळाचे शुल्क घेणाऱ्या जुन्या डिरेक्टऱ्या आहेत. पण पैसे भरण्याआधी तिथली लिंक ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ आहे का ते पाहा, कारण विकत घेतलेल्या लिंकला असा टॅग हवा असे गूगल सांगते. दरवर्षी आपोआप पैसे कापले जातात का, तेही वाचा.

फोनवर आलेला पडताळणीचा कोड कोणालाही सांगू नका, समोरचा ‘गूगलकडून बोलतोय’ म्हणाला तरी. होस्टिंगचा किंवा वर्डप्रेसचा पासवर्ड मागणारी डिरेक्टरी डिरेक्टरी नसते.

आणि आधीच कोणीतरी तुमच्या नावाने फालतू नोंदी करून ठेवल्या असतील तर घाबरून डिसअव्हाउ टूलकडे, म्हणजे या लिंका धरू नका असे गूगलला कळवणाऱ्या साधनाकडे, धावू नका. सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हे पान उघडा. तिथे काही कारवाई नोंदवलेली नसेल तर बहुतेक साइटना त्या साधनाची गरज पडत नाही, आणि चुकीचे वापरले तर चांगल्या लिंकाही बाद होतात.

९. नोंदवही ठेवा आणि वाचक मोजा

एक साधा स्प्रेडशीट तक्ता पुरे: डिरेक्टरीचे नाव, पाठवल्याची तारीख, वापरलेला ई-मेल, निवडलेला वर्ग, दिलेले वर्णन, सद्यस्थिती आणि नोंदीच्या पानाचा पत्ता. पासवर्ड या तक्त्यात लिहू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

मोजणीसाठी डिरेक्टरीला दिलेल्या लिंकच्या शेवटी यूटीएम खुणा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द, जोडा. सोर्समध्ये डिरेक्टरीचे नाव, मीडियममध्ये ‘डिरेक्टरी’. हे करायचे कारण असे की पुष्कळ साइट बाहेर जाणाऱ्या लिंकना ‘नोरेफरर’ लावतात. मग वाचक कुठून आला ते भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्सला कळत नाही आणि ती भेट ‘डायरेक्ट’ म्हणून गणली जाते. खूण लावलेली असली की हिशेब चुकत नाही. दोन गोष्टी सांभाळा. पानाचा मूळ पत्ता कोणता हे सांगणारा कॅनॉनिकल टॅग पानावर असावा, म्हणजे खुणा जोडलेला पत्ता सर्च इंजिनात वेगळे पान म्हणून शिरणार नाही. आणि जिथे संपादक स्वच्छ पत्ताच मागतात, कर्ली किंवा गिटहबच्या यादीसारख्या ठिकाणी, तिथे खुणा लावू नका.

गूगल ॲनालिटिक्स जड वाटत असेल तर मॅटोमो किंवा प्लॉझिबल यांवरही हे दिसते. नुसत्या भेटींच्या आकड्यावर जाऊ नका. आलेला माणूस किती थांबला, दुसरे पान उघडले का, पुन्हा आला का, ते पाहा. एखाद्या डिरेक्टरीकडून थोडेच लोक येतात, पण ते सगळे वाचत बसतात. दुसरीकडून पुष्कळ येतात आणि क्षणात जातात. कधी कधी अनोळखी नावाच्या साइटवरून एकदम भेटींचा लोंढा दिसतो, थांबण्याचा वेळ शून्य. ते बॉट असतात. कुतूहलापोटी त्या साइटवर क्लिक करू नका, तुम्ही तिथे जावे म्हणूनच ते पाठवलेले असतात.

निकाल कळायला काही महिने द्या. मग ज्या प्रकारच्या ठिकाणाहून खरे वाचक आले, त्याच प्रकारची आणखी ठिकाणे शोधा.

१०. नोंदींची देखभाल

सहा महिन्यांतून एकदा तक्ता उघडून प्रत्येक नोंदीवर जा. लिंक चालते का, वर्णन अजून खरे आहे का, शेजारी काय आले आहे. एके काळची चांगली डिरेक्टरी विकली जाते आणि नवा मालक तिचा उकिरडा करतो. तसे दिसले तर नोंद काढायला सांगा. जिथे पुनरावलोकने लिहिली जातात तिथे आलेल्या तक्रारीला थोडक्यात आणि सभ्य शब्दांत उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे येणारा वाचक जास्त लक्ष देऊन वाचतो.

साइटचे नाव किंवा डोमेन बदलायची वेळ आली तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे ३०१, म्हणजे कायमचे, रीडायरेक्ट लावा आणि त्याच आठवड्यात तक्त्यातल्या नोंदी दुरुस्त करायला घ्या. रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावेत असे गूगल सांगते. मी जुने डोमेन त्याहून जास्त काळ हातात ठेवतो, कारण स्वयंसेवकांच्या डिरेक्टऱ्यांत दुरुस्ती व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि सोडलेले डोमेन दुसऱ्या कोणी उचलले तर तुमच्या नावाखालची ती लिंक वाचकाला त्याच्या पानावर नेते.